बिटाची बेगमी

कोकणात ‘बेगमी’ हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. वैशाख सरत आला, की घरोघरी पावसाळ्याची बेगमी सुरू होते. अंगणात आमसुले वाळत पडतात. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात रचल्या जातात. पापड, कुरडया आणि सुकी मासळी डबे भरभरून ठेवली जाते. जळाऊ लाकडांनी पडवीची एक बाजू भरून जाते. पुढे ओढे-नाले तुडुंब वाहू लागतात, समुद्र खवळतो, मासेमारी थांबते. अशा वेळी उन्हाळ्यात जपून ठेवलेले चार जिन्नसच घराला तारतात. सुबत्तेच्या दिवसांत अडचणीच्या दिवसांची आठवण ठेवणे, यालाच बेगमी म्हणतात.

ही दूरदृष्टी केवळ माणसापाशीच आहे असे नव्हे. परसातील वाफ्यात मुकाट्याने उभे असलेले एक रोपटेही अशीच बेगमी करीत असते. आपली पाने ते उन्हात पसरते, आणि त्या पानांनी मिळवलेले अन्न मातीखाली, कोणाच्या नजरेस न पडेल अशा ठिकाणी साठवते. ते रोपटे म्हणजे बीट होय.

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात नाटे नावाचे गाव आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस जैतापूरची खाडी आणि खाडीच्या काठी यशवंतगडाचे जुने बुरूज, असे या गावाचे स्थान आहे. भोवती जांभ्या दगडाचा सडा पसरलेला आहे. सड्याखालच्या सखल भागात घरे, आणि प्रत्येक घरामागे जांभ्याच्या गडग्याने वेढलेले परस. परसात दोनचार माड, पोफळी, केळी, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारे अळू आणि एक विहीर. अशाच एका घराचे परस आपण डोळ्यांसमोर आणू. त्या घरात एक आजी आहे, सातवीत शिकणारी तिची नात आहे, आणि तिचा धाकटा भाऊ आहे. दिवाळीचे दिवे विझले, पाऊस पुरता परतला, आणि आजीने परसात भाजीचे वाफे करावयास काढले. नातीने हट्ट धरला, “आजी, यंदा मुळा आणि माठाबरोबर एक वाफा बिटाचा करूया.” आजीने हसून होकार दिला, पण जमिनीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “बाय, बीट लावायचे तर आधी या मातीची समजूत काढायला हवी.”

मातीची समजूत काढायची म्हणजे काय, हे समजण्यासाठी कोकणच्या मातीचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हजारो वर्षे असा पाऊस कोसळत राहिल्यामुळे येथील खडकातील चुना आणि इतर विरघळणारे क्षार पाण्याबरोबर वाहून गेले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे तेवढी मागे राहिली. त्यामुळे माती तांबडी दिसते, आणि चुना निघून गेल्यामुळे ती आम्लधर्मी झालेली असते. भाताला अशी माती चालते. बिटाला मात्र ती मानवत नाही. अशा मातीत त्याचे रोप खुरटते आणि मूळ भरत नाही. म्हणून या जमिनीत चुना घालणे हाच बीट-लागवडीचा पहिला धडा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. असा विरलेला चुना किंवा चुलीतील लाकडाची राख वाफ्याच्या दर चौरस मीटरला एकदोन मुठी पसरावी आणि मातीत नीट मिसळावी. हे काम पेरणीपूर्वी दोनतीन आठवडे आधीच उरकावे, म्हणजे मातीला बदलण्यास अवधी मिळतो. चुना हातांना व डोळ्यांना झोंबतो. म्हणून ते काम मोठ्या माणसांनीच करावे.

माती एक वीतभर खोल खणून, तिच्यातील जांभ्याचे खडे वेचून काढावे लागतात. खाली वाढणाऱ्या मुळाला खडा आडवा आला, की मुळाला फाटे फुटतात आणि बीट वेडेवाकडे होते. शेणखत घालायचे ते चांगले कुजलेले असावे. ताजे शेण किंवा फार जोरदार खत दिले, तर पाने डोलदार वाढतात, पण मुळाची वाढ मागे पडते. ज्याला सर्व काही वरच्यावर मिळते, त्याला साठवण्याची गरज भासत नाही, असेच जणू ते रोप आपल्याला सांगत असते.

वाफे तयार झाल्यावर आजीने बियाण्याचे पाकीट उघडले. नातीच्या एका तळहातावर तिने बिटाचे बी ठेवले आणि दुसऱ्या तळहातावर पालकाचे. दोन्ही बिया तपकिरी, खडबडीत आणि कोनेदार होत्या. कोणते बी कोणाचे, हे मुलीला ओळखता येईना. यात नवल नाही. आपल्या बाजारात मिळणारा पालक आणि बीट ही सख्खी भावंडे आहेत. शास्त्रज्ञ दोघांनाही एकाच जातीत घालतात. पालकाने सगळी शक्ती पानांत आणली, बिटाने ती मुळात नेली, एवढाच फरक. अंगणातील माठ आणि राजगिरा हेही याच कुळातील दूरचे नातेवाईक होत.

बिटाच्या बियांविषयी आणखी एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याला आपण एक बी म्हणतो, ते खरोखर एक बी नसते. दोन, तीन किंवा चार फुले एकमेकांना चिकटून वाढतात, आणि त्यांची फळे जुळून हा एक खडबडीत गड्डा तयार होतो. म्हणून एकाच ‘बी’मधून दोन-चार रोपे बाहेर येतात. एका बीतून एकच रोप देणारे साखरबीट १९४८ साली अमेरिकेत व्ही. एफ. सावित्स्की या शास्त्रज्ञाने शोधून काढले, आणि त्यापासून पुढे मोठ्या शेतीसाठी नवे वाण तयार झाले. परसबागेत लावण्यात येणाऱ्या ‘डेट्रॉइट डार्क रेड’ किंवा ‘क्रिमसन ग्लोब’ यांसारख्या जुन्या वाणांचे बी मात्र अजूनही असेच जुळे-तिळे असते.

बी रात्रभर पाण्यात भिजत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी वाफ्यात वीत-दीड वीत अंतरावर ओळी आखल्या, आणि बोटाच्या एका पेराइतक्या खोलीवर बी टोकले. वर भुसभुशीत माती ओढली आणि झारीने हलके पाणी दिले. चिमण्यांनी कोवळे कोंब टिपू नयेत म्हणून वाफ्यावर माडाची झावळी आडवी घातली. आठवड्याभरात मातीतून तांबूस देठांची इवली रोपे डोकावू लागली. झावळी दूर झाली. धाकटा भाऊ रोज शाळेत जाण्यापूर्वी ती मोजत असे. पहिल्या दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी चाळीस, आणि त्यानंतर त्याची मोजदाद चुकू लागली.

रोपे चारपाच बोटे उंच झाली, तेव्हा आजी वाफ्याशी बसली आणि एकेका ठिकाणचे एकच जोमदार रोप ठेवून बाकीची हलकेच उपटू लागली. ते पाहून नातीचे डोळे भरून आले. ज्या रोपांना तिने रोज पाणी घातले होते, ती काही वाळलेली किंवा किडलेली नव्हती. “आजी, यांनी काय केले ग? ही तर चांगली आहेत!” असे म्हणून तिने आजीचा हात धरला.

आजीने वाद घातला नाही. ती म्हणाली, “बरे तर. हा अर्धा वाफा माझा, तो अर्धा तुझा. तुझ्या अर्ध्यातले एकही रोप मी काढणार नाही. पाणी दोन्हीकडे सारखे घालू. संक्रांत झाली की पाहू.”

आजीच्या अर्ध्या वाफ्यात दोन रोपांमध्ये चार-पाच बोटांचे अंतर राहिले. नातीच्या अर्ध्यात रोपांची दाटी झाली. उपटलेली रोपे मात्र आजीने फेकून दिली नाहीत. ती धुऊन, चिरून, ओले खोबरे आणि मिरची घालून तिने त्यांची भाजी केली. ती इतकी कोवळी आणि चवदार झाली, की धाकट्याने दुसऱ्यांदा मागून घेतली. नातीने पहिला घास घेताना जरा मान वळवली. पण भाजी संपली.

दिवस जात होते. विहिरीवरचा रहाट सकाळी कुरकुरे आणि दोन्ही वाफ्यांना पाणी मिळे. खाडीच्या काठच्या काही विहिरींना उन्हाळ्याच्या तोंडी किंचित मचूळपणा येतो. अशा पाण्यावर घेवड्यासारखी नाजूक भाजी लवकर कोमेजते. बीट मात्र एकदा रुजले, की थोडाफार खारेपणा सोसते. बिटाला हे बळ कोठून आले, याचे उत्तर त्याच्या पूर्वजांत सापडते. बिटाचा रानटी पूर्वज आजही भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांवर, वाळूत आणि खडकांच्या फटींत, खाऱ्या वाऱ्याला तोंड देत उगवतो. त्याचे मूळ बारीक आणि चिवट असते. प्राचीन ग्रीक व रोमन लोक बिटाची मुख्यतः पानेच भाजीसाठी वापरीत. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाड मुळांची रोपे निवडून त्यांचे बी राखले, तेव्हा कोठे आजचे गोल, लाल बीट तयार झाले. सागरकिनारी जन्मलेली ही वनस्पती नाटे गावाच्या किनारी आली, ती एका परीने आपल्या ओळखीच्या जागीच आली, असे म्हटले पाहिजे.

पण या रोपाला मुळात एवढे अन्न साठवण्याची गरज का भासावी? बीट हे द्विवर्षायू आहे. म्हणजे त्याचे आयुष्य दोन हंगामांचे असते. त्याच्या मूळ प्रदेशात हिवाळा थंड असतो. पहिल्या हंगामात रोप फुलत नाही. पाने पसरून ते सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि ती मुळात भरून ठेवते. हिवाळ्यात वाढ थांबते. वसंत ऋतू आला, की त्या शिलकेच्या बळावर रोप पुरुषभर उंचीचा दांडा वर काढते, लहान हिरवट फुलांनी भरून जाते, वाऱ्याबरोबर पराग उधळते, बी धरते आणि मरून जाते. म्हणजे बीट ही रोपाने आपल्या लेकरांसाठी केलेली बेगमी आहे. बीट आडवे कापले असता आत एकात एक अशी वर्तुळे दिसतात. ती झाडाच्या बुंध्यातील कड्यांप्रमाणे वर्षे दाखवीत नाहीत. साठवणीच्या पेशींचे एक वलय आणि अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिकांचे एक वलय, अशी ती आळीपाळीने रचलेली असतात. जणू एखाद्या कोठारातील फडताळे आणि त्यांच्यामधील येण्याजाण्याच्या वाटाच!

मातीखालच्या या कोठाराने एकदा साऱ्या युरोपाचे लक्ष वेधून घेतले होते. १७४७ साली बर्लिन येथील आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बिटाच्या मुळातून साखरेचे स्फटिक वेगळे काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते उसाच्या साखरेसारखेच आहेत, असे दाखवून दिले. त्याचा शिष्य फ्रान्झ आखार्ड याने १८०१ साली सायलेशियातील कुनेर्न या गावी बिटापासून साखर करण्याचा पहिला कारखाना उभारला. त्या काळी युरोपला साखर मिळे ती वेस्ट इंडीज बेटांतील उसापासून, आणि तो ऊस गुलामांच्या घामावर पिकत असे. पुढे नेपोलियन आणि इंग्रज यांच्या युद्धात समुद्रावरील वाहतूक अडली आणि फ्रान्समध्ये साखर दुर्मिळ झाली. तेव्हा १८११ साली नेपोलियनने ३२,००० हेक्टर जमिनीवर बीट लावण्याचा हुकूम काढला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लुई द विल्मोरँ या फ्रेंच बीजशास्त्रज्ञाने बिटे मिठाच्या पाण्यात टाकून पाहण्याची युक्ती योजली. जे बीट अधिक साखरेने भरलेले, ते अधिक जड. म्हणून ते बुडे आणि हलके तरंगे. बुडालेल्यांचे बी राखता राखता साखरेचे प्रमाण वाढत गेले. आखार्डच्या काळी पाचसहा टक्के साखर देणारे बीट आज सोळा ते वीस टक्के साखर देते. महाराष्ट्रात साखर उसापासून होते. पण साऱ्या जगाचा विचार केला, तर साखरेचा सुमारे पाचवा हिस्सा बिटापासून मिळतो. हे साखरेचे बीट पांढरे असते. आपल्या परसातील लाल बीट हे त्याचे भाजीसाठी वाढवलेले भावंड होय.

संक्रांत झाली. पेरणीला सत्तर दिवस होऊन गेले होते. आजीच्या बाजूची बिटे मातीतून आपले लाल खांदे बाहेर काढून बसली होती. आजीने पानांचा झुबका धरून एक बीट उपटले; ते मुठीएवढे, गोल आणि घट्ट होते. मग नातीने आपल्या बाजूचे एक ठिकाण निवडले आणि पाने धरून ओढली. चार रोपे एकदमच वर आली. त्यांची मुळे एकमेकांभोवती पिळलेली होती आणि एकही करंगळीहून जाड नव्हते. तिने दुसरी जागा पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडे तीच स्थिती. पाने मात्र दाट आणि हिरवीगार होती.

ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी हळूच म्हणाली, “मी कुणालाच काढले नाही, म्हणून कुणालाच पुरले नाही.”

आजीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती म्हणाली, “जमीन तेवढीच, पाणी तेवढेच, ऊन तेवढेच. साऱ्यांची भूक भागण्यात सगळे संपून गेले. साठवायला मागे काही उरायला नको का, बाय? पण तुझीही मेहनत वाया गेली नाही. ही पाने आज भाजीला होतील.”

विरळणी हे बागकामातील सर्वांत अवघड काम खरे. ते हातांना कठीण नसते, मनाला कठीण असते. किती रोपे उगवली यावर बागेचे यश ठरत नाही. किती रोपांना वाढण्यास जागा दिली, यावर ते ठरते. एका रोपाच्या वाट्याला पुरेसे ऊन आणि पाणी आले, म्हणजेच त्याला पोटापुरते खाऊन काही शिल्लक टाकता येते.

बीट काढण्याची वेळही साधावी लागते. मुठीएवढे झाले, की ते काढून घ्यावे. अधिक मोठे होईल या आशेने ठेवून दिले, तर ते राठ आणि दोरेदार होते. शिवाय फाल्गुन-चैत्रात ऊन तापते, विहिरींचे पाणी खोल जाते. पावसाळ्यात उदंड पाणी आणि उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी वणवण, ही कोकणची जुनी कहाणी आहे. कार्तिकात पेरून माघापर्यंत हाती येणारे बीट विहिरीत पाणी आहे तोवरच आपले काम उरकते. वाढत्या रोपाची पाने भाजीसाठी तोडायची, तर बाहेरची दोनतीनच तोडावीत. सारी पाने तोडली, तर मिळवणारे हातच नाहीसे होतात. मग कोठारात भर कोण घालणार?

त्या दिवशी स्वयंपाकघरात लाल रंगाचा उत्सव झाला. आजीने बिटे न सोलता, देठाची दोन बोटे आणि खालची शेपटी तशीच ठेवून उकडली. आधीच कापले, तर रंग पाण्यात उतरून जातो. उकडल्यावर साल हाताने सहज निघून आली. फोडी करून त्यांत दही, दाण्याचे कूट, चवीपुरते मीठ-साखर आणि वर तूप-जिऱ्याची फोडणी घातली. कोशिंबीर गुलाबी झाली. किसलेले बीट तांदळाच्या पिठात घालून काढलेली घावने मुलांना फारच आवडली. सालींचा ढीग गोठ्यातील गाईपुढे गेला आणि बिटे धुतलेले पाणी अळवाच्या आळ्यात ओतले गेले.

बिटाच्या लाल रंगाची परीक्षा घरच्या घरी करता येते. बिटाचा थोडा रस दोन वाट्यांत घ्यावा. एका वाटीत लिंबू पिळावे. रंग लाल राहतो. दुसरीत वडीलधाऱ्यांकडून चुन्याची निवळी घालून घ्यावी. रंग बदलत बदलत पिवळट होतो. हा रंग देणाऱ्या द्रव्यास ‘बीटानिन’ असे नाव आहे. रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. बीट लाल आहे म्हणून ते खाल्ल्याने रक्त वाढते, असे अनेकजण सांगतात. परंतु ते खरे नव्हे. शंभर ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते, आणि वाढत्या मुलांना रोज त्याच्या कितीतरी पट लोह लागते. बिटाच्या पानांत त्याहून अधिक लोह असते. शिवाय नाचणी, कुळीथ, हिरव्या पालेभाज्या आणि मासळी हे आपल्या ताटातील नेहमीचे जिन्नस लोहासाठी विसरता कामा नयेत. नवे रक्त तयार होण्यास आवश्यक असणारे फोलेट नावाचे जीवनसत्त्व मात्र बिटात चांगले असते. बिटाचा गुण आहे तो असा. तो रंगावरून ठरवायचा नसतो. बीट खाल्ल्यानंतर काहीजणांच्या लघवीला तांबूस छटा येते. तो बिटाचाच रंग असतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

वाफा रिकामा करताना नातीने आजीला विचारले, “एक बीट ठेवूया का? त्याचे फूल पाहायचे आहे मला.” आजीने संमती दिली. एक चांगले टपोरे बीट वाफ्याच्या कोपऱ्यात राहू दिले गेले. माघ संपला, फाल्गुन गेला, होळी पेटली. बिटाला नवी पाने आली, पण फुलांचा दांडा काही आला नाही. चैत्रात त्याची पाने उन्हाने माना टाकू लागली.

याचे कारण नाटे गावच्या हवेत आहे. फुलावे असे बिटाला वाटण्यासाठी आधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. समुद्राच्या सान्निध्यामुळे येथील हिवाळा मऊ असतो. अशी थंडी येथे कधीच पडत नाही. त्यामुळे रोपाला हिवाळा येऊन गेल्याचे कळतच नाही, आणि ज्या वसंतासाठी त्याने बेगमी केली, तो वसंत त्याच्यापुरता उगवतच नाही. आपल्या देशात बिटाचे बी धरते ते हिमालयाच्या थंड खोऱ्यांत आणि नीलगिरीसारख्या उंच डोंगरावर. तेथील शेतकरी बिटे जपतात, फुलू देतात, बी पक्व करतात. आणि ते बी कोकणच्या किनाऱ्यावरील एका लहानशा परसात येऊन पोचते. येथे कितीही मेहनत केली, तरी पुढच्या वर्षाचे बी घरचे होत नाही. ते दर वर्षी दूरच्या कोणा अनोळखी हातांकडूनच घ्यावे लागते.

नातीने ते शेवटचे बीट उपटले. ते राठ झाले होते. गाईने मात्र ते आवडीने खाल्ले. रिकाम्या वाफ्यावर मुलांनी वाळलेला पालापाचोळा पसरला, म्हणजे उन्हाने माती भाजू नये आणि पुढे पावसाने ती धुऊन जाऊ नये. पडवीत आजी आमसुलांसाठी रातांबे फोडावयास बसली होती. नात तिच्याशेजारी जाऊन बसली आणि हात चालवता चालवता म्हणाली, “आजी, बिटाने जी बेगमी केली, ती आपण खाल्ली.”

“होय, बाय,” आजी म्हणाली, “म्हणून तर पानातले काही टाकायचे नसते.”

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) कोकणातील माती आम्लधर्मी का झाली आहे?
(आ) बिटाच्या एका बीतून अनेक रोपे का उगवतात?
(इ) नाटे येथे बिटाला फुले का येत नाहीत?

२. “मी कुणालाच काढले नाही, म्हणून कुणालाच पुरले नाही,” या नातीच्या उद्गारांचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. बीट लाल आहे म्हणून ते खाल्ल्याने रक्त वाढते, हे म्हणणे बरोबर आहे काय? पाठातील माहितीच्या आधारे सकारण सांगा.

४. पुढील शब्द वाक्यांत योजा : बेगमी, शिल्लक, दूरदृष्टी, विरळणी.

५. उपक्रम : तुमच्या घरी पावसाळ्यासाठी किंवा अडचणीच्या दिवसांसाठी कोणकोणत्या वस्तू साठवतात, त्या कशा टिकवतात, हे घरातील वडीलमाणसांस विचारून दहा ओळी लिहा.

६. उपक्रम : शाळेच्या बागेत बिटाचा किंवा मुळ्याचा एक वाफा करा. अर्ध्या वाफ्याची विरळणी करा, अर्धा तसाच ठेवा. दोन्हींचे निरीक्षण दर आठवड्यास वहीत नोंदवा.